मदत हवी आहे: ६बीटीच्या कॅमवर खड्डे, चालेल की बदलू?

माळरान: कमिन्स ६बीटी, ५.९ लिटर, ट्रकचं इंजिन. आवाज येत होता म्हणून कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजेच कॅम) काढलाय. एका लोबच्या (दांड्यावरच्या फुगवट्याच्या) टोकावर बारीक खड्डे आहेत, बाकी कॅम चकचकीत. चालेल ना? लवकर सांगा, गाडी लोडवर पाठवायचीय.

मोजमाप: कितवा सिलिंडर? इनलेट की एक्झॉस्ट? आवाज कसला? मायक्रोमीटर लावला का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

माळरान: चौथा, एक्झॉस्ट. इनटेकमधून फटफट. टॅपेटची (लोबवर टेकून व्हॉल्व्हकडे ढकलणारा तुकडा) फट सेट केली तरी तेवढीच एक पुन्हा वाढते. माप घेतलं, ४६.७९ मिमी. म्हणजे मर्यादेत.

डिझेलअण्णा: फटफट त्यामुळेच. लोब घासला की एक्झॉस्ट पुरता उघडत नाही, जळका गॅस आत अडकतो आणि इनलेट उघडताच उलटा येतो. वेल्डिंगने भरून ग्राइंड करून घ्या. कशाला नवीन?

मोजमाप: अण्णा, वेल्डिंगच्या उष्णतेने बाजूचं हार्डनिंग जातं आणि शाफ्ट वाकतो. नुसतं ग्राइंड केलं तरी कडक थर पातळ होतो. या लोबवर टॅपेट थेट घासतो, मऊ धातू टिकणार नाही.
माळरान, एक्झॉस्टची किमान उंची ४६.७७० आणि इनलेटची ४७.०४०, म्हणजे तुम्ही काठावर आहात. पण खड्डे असतील तर मापाला अर्थ नाही. टोकावरून नख फिरवा. अडकलं तर कॅम बाद. टॅपेट पाहिले का?

माळरान: ते वर लाकडी दांड्यांवर अडकवलेत. तेही काढायचे?

मोजमाप: काढायलाच हवेत. कॅमच्या भोकात अर्धी कापलेली नळी सरकवा, एकेक टॅपेट तिच्यात सोडा आणि बाहेर ओढा. तळाला स्टीलपट्टीची कड टेकवून उजेडाकडे धरा. चांगला टॅपेट मध्ये किंचित फुगीर असतो. मध्ये खोलगट दिसला किंवा गोल रेघांऐवजी एकच सरळ पट्टा दिसला, तर तो फिरत नव्हता. नव्या कॅमवर जुना टॅपेट बसवू नका, बाराही बदला.

घाटवाट: ऑईल कुठलं घालता? १५डब्ल्यू-४०च घाला.

डिझेलअण्णा: कॅमचं जर्नल (बुशमध्ये फिरणारा गोल भाग) मोजा, ५३.९६२ मिमीच्या खाली गेलं तर बाद. वेल्डिंगचं म्हणाल तर शेतीपंपाच्या इंजिनात चालतं.

मोजमाप: पंप एका वेगावर चालतो, ट्रक घाट चढतो.

माळरान: नख अडकलं. चौथ्याचा टॅपेट खोलगट आहे. नवीन कॅम आणि बारा टॅपेट मागवतोय. बसवताना काय पाहू?

मोजमाप: कॅमच्या पुढच्या बुशचं ऑईलचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर हवं, ३.२ मिमीची सळई आरपार गेली पाहिजे. लोबना आणि टॅपेटच्या तळाला असेंब्ली ल्युब (जोडणीचं वंगण) चोपडा. गिअरच्या खुणा जुळवा. थंड इंजिनवर व्हॉल्व्हची फट इनलेटला ०.२५, एक्झॉस्टला ०.५१ मिमी ठेवा. जुना ऑईल फिल्टर कापून घड्या उलगडा. लोबचा चुरा तिथेच साठतो. चुरा भरपूर निघाला तर संप (तळाची ऑईलची टाकी) उतरवा आणि मेन बेअरिंगची एक तरी टोपी उघडून पाहा.