युनिफॉर्म, टिकली, माळ, चुडा: गोव्यातले अनुभव लिहा

फोंडा, हॉटेल रिसेप्शन (धागाकर्ती)
चतुर्थी झाली नि आमच्याकडे नवा ग्रूमिंग चार्ट लागला. टिकली शर्टाच्या बटणाहून लहान, पुरुषांनी गंध लावायचं नाही, मंगळसूत्र आत, केसांत फाती (फुलांच्या वेण्या) नाहीत. ख्रिश्चन सहकाऱ्यांचा खुरीसही (क्रॉस) कॉलरच्या आत. का, तर गेस्टना 'न्यूट्रल लुक' हवा. आणि दिवाळीत त्याच गेस्टना आम्ही नऊवारी नेसून, पिंजर लावून ओवाळायचं! तुमच्याकडे काय नियम आहेत? सोय कशी काढलीत तेही लिहा.

वेर्णा, औषध कारखाना
आमच्याकडे वादच नाही. गाऊन चढवण्याआधी बांगड्या, मंगळसूत्र, दोरा, टिकली सगळं लॉकरात. एक मणी जरी गोळ्यांत पडला तरी अख्खी बॅच अडकते, हे पहिल्याच ट्रेनिंगमध्ये सांगतात. सासूबाईंना मात्र रिकामा गळा बघवत नाही. म्हणून परतीच्या बसमध्येच सगळं घालून मग घरात शिरते.

म्हापसा, नर्स
माझं नि माझ्या ख्रिश्चन मैत्रिणीचं लग्न एकाच मे महिन्यात. दोघींच्याही हातांत मामाकडे भरलेला चुडा, आणि वॉर्डात कोपरापर्यंत हात मोकळे हवेत. तिथे तडजोड नाही, जंतू काही धर्म विचारत नाहीत. पण मेट्रननं न मागता आम्हाला काही दिवस रजिस्टरवर बसवलं. मी सत्यनारायण झाल्यावर चुडा उतरवला. मैत्रीण काढायला तयार नव्हती, आपसूक फुटेल तेव्हा फुटेल म्हणायची. शेवटी तिच्या आजीनंच साबण लावून सोडवला.

वाळपई, वर्कशॉप
लेथवर आहे. तुळशीची माळ काढत नाही, पण ती गळ्याबरोबर असते, वरून बंद गळ्याचा टी-शर्ट. मनगटावरचा दोरा मात्र सुपरवायझरनं कापायला लावला. बरोबर केलं. फिरत्या चकात दोरा गेला की हातच जायचा.

मडगाव, वकील
@धागाकर्ती, युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं 15 जानेवारी 2013 रोजी दोन्ही बाजू दाखवल्या. ब्रिटिश एअरवेजच्या चेक-इन कर्मचारी नादिया इवेडा क्रॉस दिसू देण्याबद्दल जिंकल्या. नर्स शर्ली चॅप्लिन हरल्या, कारण तिथे रुग्णांच्या सुरक्षेचा प्रश्न होता. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही. आपल्याकडे राज्यघटनेच्या धर्मस्वातंत्र्याच्या कलम 25 च्या स्पष्टीकरणात शिखांच्या कृपाणाचा थेट उल्लेख आहे, टिकली-माळेचा नाही. शिवाय हे कलम मुख्यतः सरकारविरुद्ध चालतं. हवाई दलातल्या एका मुस्लिम कर्मचाऱ्याच्या दाढीच्या प्रकरणात 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दलाचीच बाजू घेतली. खासगी हॉटेलात आधी नियम लेखी मागा, कारणासकट.

फोंडा, धागाकर्ती
मागितला. एचआर म्हणतं, चार्ट हाच नियम. कारणाचा रकाना कोराच आहे.

कळंगुट, बीच रिसॉर्ट
आमच्याकडे फाती माळायला उलट सांगतात गो. गेस्ट फोटो काढतात ना!