बुरशी वाढायचं की स्पोर (बीजाणू) करायचे, हे कशावर ठरवते?

जळगावकर: भाऊ लोक, एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला ॲस्परजिलस निडुलन्स ही बुरशी लावलीय, कडेला पांढरे धागे पळतायत अन् मधे हिरवे स्पोर. सिग्नल नेमका कुठला?

धुळेकर: धाग्याच्या टोकाचं सांगतो. तिथे कॅल्शियम जास्त, मागे कमी, त्याच्यामुळे पेशीभिंतीचा माल आणणाऱ्या बारीक पिशव्या टोकालाच मिसळतात.

भुसावळची ताई: फॅडए नावाचं जी-प्रोटीन (पेशीतलं सिग्नलचं बटण) चालू असलं की सीएएमपी-पीकेए मार्गाने (सिग्नल पुढे नेणाऱ्या रेणूंच्या साखळीने) धागे वाढत राहतात, स्पोर अडतात. एफएलबीए हे दुसरं प्रोटीन फॅडएला बंद करतं, मग स्पोर येतात. एफएलबीए बिघडलेला स्ट्रेन (वाण) बघच, प्लेटभर नुसते कापसासारखे धागे! फार सुंदर यंत्रणा आहे ही.

जळगावकर: अन् उजेडाचं काय ताई?

भुसावळची ताई: अंधारात व्हीईए प्रोटीन केंद्रकात जातं, हिरव्या अलैंगिक स्पोरऐवजी लैंगिक स्पोरकडे कल वाढतो. एक प्लेट फॉइलमधे गुंडाळून ठेव.