३.१५ ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल, ०.१ मोलर: ३५० मिली की २५० मिली?

बारावी_सायन्स: काल प्रॅक्टिकलला ३.१५ ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल तोलून दिलं आणि त्याचं ०.१ मोलर द्रावण (लिटरमागे ०.१ मोल) किती होईल ते काढून बनवायला सांगितलं. मी मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचं वजन, ९० ग्रॅम धरलं. ३.१५ भागिले ९० म्हणजे ०.०३५ मोल, त्याला ०.१ ने भागलं की ०.३५ लिटर. मोजपात्राने ३५० मिली केलं. टायट्रेशनला (अभिक्रिया पुरी होईपर्यंत थेंबथेंब घालून मोजणं) माझ्या १० मिलीला ०.०२ मोलर परमँगनेट १४.३ मिली लागलं, तिन्ही वेळा तेवढंच. बाकी सगळ्यांचं २० मिली. सूत्र बरोबर आहे, मग चुकलं कुठे? सोमवारी जर्नल दाखवायचंय.

रसायनवेडा: आकडेमोड बरोबर वाटते. परमँगनेट जुनं होऊन कमजोर झालं असेल.

निवृत्त प्रयोगशाळा सहायक: नाही हो, परमँगनेट सगळ्यांना एकाच बाटलीतलं असणार. शिवाय ते कमजोर असतं तर १४ नाही, २० पेक्षा जास्त लागलं असतं.

बाळा, बाटलीवरचं लेबल वाच. शाळा-कॉलेजात येतं ते बहुतेक डायहायड्रेट. आम्लाच्या प्रत्येक रेणूमागे स्फटिकजलाचे दोन रेणू, म्हणजे ९० अधिक ३६, १२६. तुझ्या ३.१५ ग्रॅममध्ये ०.९ ग्रॅम पाणीच होतं, आम्ल फक्त २.२५ ग्रॅम. आता ३.१५ भागिले १२६ कर: ०.०२५ मोल. भागिले ०.१, २५० मिली. ३.१५ हा आकडा काही उगाच निवडलेला नाही, तो २५० मिलीच्या फ्लास्कसाठीच आहे. मी अठ्ठावीस वर्षं अशी द्रावणं केली, दर वर्षी दोघं-तिघं तरी ९० धरायचे. मोरचूद, मोहर सॉल्ट, स्फटिकजल असलेल्या सगळ्यांचं असंच. आधी लेबल, मग भागाकार.

अजून एक. २५० मिली म्हणजे २५० मिली पाणी ओतायचं नाही. आम्ल थोड्या पाण्यात पूर्ण विरघळव, फ्लास्कमध्ये घे, बीकर दोन-तीनदा धुऊन ते पाणीही त्यातच, आणि मग खुणेपर्यंत भर. मोजपात्राने नको. आणि पिपेट तोंडाने ओढू नकोस, ऑक्झॅलिक विषारी आहे.

बारावी_सायन्स: काका, लेबल पाहिलं, डायहायड्रेटच आहे! मग माझं ३५० मिली फेकून देऊ?

निवृत्त प्रयोगशाळा सहायक: कशाला? ०.०२५ भागिले ०.३५ कर, ०.०७१४ मोलर आलं. ऑक्झॅलिकच्या पाच मोलना परमँगनेटचे दोन मोल लागतात, या हिशोबाने १० मिलीला किती लागायला हवं ते काढ.

बारावी_सायन्स: १४.२८ मिली!! म्हणजे माझं टायट्रेशन बरोबर होतं.

निवृत्त प्रयोगशाळा सहायक: अगदी बरोबर होतं. जर्नलमध्ये रीडिंग खोडू नकोस. १४.३ तसंच ठेव आणि शेजारी ०.०७१४ चा हिशोब मांड.