जोडचाकाच्या एक्स्टेन्शन नळ्या: ठेवायच्या की काढून फेकायच्या?

टॉमीवाला
ट्रकच्या मागच्या जोडचाकात (शेजारी-शेजारी दोन टायर) आतल्या टायरची हवा बाहेरून बघता-भरता यावी म्हणून त्याच्या व्हॉल्व्हला ज्या नळ्या जोडतात, त्यांच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: काढून फेका. मागच्या जोडीतला आतला टायर दर आठवड्याला दहा-बारा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) खाली. दोनदा टायर उतरवला, पंक्चर नाही. शेवटी नळीच्या जोडाला साबणाचं पाणी लावलं, तर तिथून बारीक बुडबुडे. एक्स्टेन्शन चढवलं की त्याच्या आतला खिळा मूळ व्हॉल्व्हची पिन (हवा अडवणारी आतली झडप) कायमची दाबून ठेवतो. म्हणजे ती पिन असून नसल्यासारखी. सगळी हवा त्या इवल्याशा रबरी वायसरच्या (चकतीच्या) भरवशावर! शिवाय नळीच्या टोकाची दुसरी पिन. गळायला एक जागा होती, तिथे आपण पैसे देऊन तीन केल्या.

आतलाटायर
अहो, आणि नळी काढल्यावर आतल्या टायरची हवा बघणार कोण? बाहेरच्या चाकाच्या डिस्कच्या भोकातून हात घालून, बोटं सोलून घेत? दोन दिवस बघाल, तिसऱ्या दिवशी टॉमी (लोखंडी पहार) मारून आवाज ऐकाल आणि "ठीक आहे" म्हणाल. 100 पीएसआयचा टायर 70 वर आला तरी टॉमीचा आवाज फारसा बदलत नाही. खरं तर 80 टक्क्यांखाली चाललेला टायर बिनहवेचा चालला असं धरून उतरवून तपासायचा असतो. आतला बसला की त्याचा भार बाहेरचा उचलतो, वरून काहीच दिसत नाही. दोघांच्या भिंती एकमेकींना घासून तापतात आणि फुटतो मात्र बाहेरचा, ज्याची हवा तुम्ही रोज बघत होता.

टॉमीवाला
म्हणजे गळकी नळी चालेल, पण हात काळे नकोत?

आतलाटायर
गळकी नको. तुमची नळी चाकाला क्लॅम्पने बांधली होती का, ते सांगा आधी.

टॉमीवाला
नव्हती. तशीच लोंबत होती.

सातफेरे
मग गळणारच की. हिशेब करून बघा. मीटरभर व्यासाचा टायर ताशी 80 ला सेकंदाला सात फेरे मारतो (लग्न लागतं तेवढ्यात). मध्यापासून पाव मीटरवरची 50 ग्रॅमची नळी तिथे अडीच किलोच्या वजनासारखी बाहेर ओढते. टोकाला हवेच्या दाबाचा सेन्सर लावला असेल तर आणखी. ती ओढ जातेच कुठे? व्हॉल्व्हच्या मुळाशी. नुसत्या रबरी नळ्या तर मी लावतच नाही, वरून स्टीलची जाळी असलेल्याच घेतो. वायसर दर वेळी नवा. आणि जोड हातानेच बसवा, शेवटी अगदी हलका पान्याचा आधार. करकचून आवळलात तर वायसर चिरडतो.

टॉमीवाला
मानलं, क्लॅम्प हवा. पण एवढं सगळं सांभाळण्यापेक्षा आतल्या चाकाला एकसंध लांब धातूचा व्हॉल्व्हच का बसवू नये? जोडच नाही, तर गळणार कुठून?

आतलाटायर
हे मात्र पटलं. फक्त त्यासाठी टायर रिमवरून सोडवावा लागतो, म्हणून पुढच्या टायरबदलीला करा. आणि चाकं चढवताना दोन्ही व्हॉल्व्ह समोरासमोर, 180 अंशांवर येऊ द्या, भोकं जुळवून. नाहीतर लांब व्हॉल्व्ह असूनही हवा मोजायचं गेज पोहोचत नाही.

नवखाडायवर
मधेच विचारतो. सरळ कडक एक्स्टेन्शन असतं, आत लांब काडी असलेलं, त्याचं काय?

सातफेरे
ज्याची काडी फक्त गेज दाबल्यावरच मूळ पिन दाबते, ते बरं. एरवी पिन बंदच, त्यामुळे एक्स्टेन्शन ढिलं झालं तरी हवा जात नाही. मात्र काडी वाकून अडकली की पिन उघडीच राहते आणि टोपी काढताच फुस्स. टोपी आत रबर असलेलीच लावा.

टॉमीवाला
क्लॅम्प आणि नवे वायसर लावून महिनाभर बघतो. थंड टायरवर, दोन्ही चाकांत 5 पीएसआयपेक्षा जास्त फरक दिसला तर नळ्या भंगारात.

आतलाटायर
चालेल. पण टोकाच्या पिनाही बदला, त्या जुन्याच असणार.