तातडीची मदत हवी आहे: ग्रामपंचायतीच्या निधीचे आकडे जुळत नाहीत, सोमवारी सबमिशन

तुरीची_शेंग
एम.ए. पब्लिक पॉलिसी, दुसरं वर्ष. डेझर्टेशन आमच्याच गावच्या पंचायतीवर आहे. बंधितचे, म्हणजे ठरावीक कामांवरच खर्चायच्या निधीचे आकडे काही केल्या जुळत नाहीत, ६० हजार कमी पडतात. ग्रामसेवकांकडे दोनदा जाऊन आले, ते नुसतं "बरोबर आहे" म्हणतात. गाईड म्हणतात फाइंडिंग म्हणून टाक. सरळ अपहार लिहू का? प्लीज लवकर सांगा.

खडूस
कुठला निधी? किती वर्षांचा? कशातून कमी?

तुरीची_शेंग
पंधराव्या वित्त आयोगाचाच, अजून कुठला.

जनहितार्थ
माहिती अधिकार टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज १५० शब्दांच्या आत, विषय एकच. नमुना ५ ची, म्हणजे रोकडवहीची सत्यप्रत मागा. मी आजवर चाळीसेक अर्ज टाकलेत, भले भले सरळ होतात.

खडूस
उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. पोरीचं सबमिशन सोमवारी आहे, साहेब.

जनहितार्थ
तुमच्यासारख्यांमुळेच पंचायती माजल्यात.

घाट_ते_हॅम्बर्ग
पब्लिक पॉलिसीच करायची होती तर इकडे जर्मनीत यायचं. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही. ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) आणि एपीएस सर्टिफिकेट (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) तेवढं आधी बघायचं. कुणाला माहिती हवी असेल तर व्यनि करा.

खडूस
तिचं शिकून होत आलंय!

कोरा_कागद
अवांतर: पब्लिक पॉलिसी म्हणजे लोकप्रशासनच ना? यूपीएससीला ऑप्शनल म्हणून तेच घ्यायचा विचार आहे.

खडूस
नाही. वित्त आयोगाने पैशाला अट का घातली, त्यात गावाचं भलं की दिल्लीची सोय, हा धोरणाचा प्रश्न. तोच पैसा कुठल्या वहीत चढवायचा आणि चेकवर सह्या कुणाच्या, हे प्रशासन. सिलॅबस बराच सरमिसळ असतो म्हणा.

विस्तार_निवृत्त
ताई, पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो. अपहार हा शब्द एवढ्यात नको. वर्षवार आकडे द्या, नुसत्या बेरजेवरून काही कळत नाही. आणि आता ग्रामसेवक नाही, ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.

तुरीची_शेंग
राउंड करून देते. २०२०-२१ ला ६ लाख आले, २०२१-२२ ला ४ लाख ४० हजार, २०२२-२३ ला ४ लाख ६०. एकूण १५ लाख. ६० टक्के बंधित म्हणजे ९ लाख. पंचायतीच्या वहीत बंधित जमा ८ लाख ४०. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरही तेच. म्हणजे दोन्हीकडे सारखाच घोळ केलाय!

जनहितार्थ
संगनमत.

विस्तार_निवृत्त
संगनमत कसलं. पंधराव्या आयोगाचे अहवाल दोन. पहिला फक्त २०२०-२१ चा, त्यात बंधित निम्मा आणि अबंधित निम्मा. ६०-४० आलं २०२१-२२ पासून, दुसऱ्या अहवालात. तुम्ही तिन्ही वर्षांना ६० लावलेत. पहिल्या वर्षीचे ३ लाख धरा, पुढचे २ लाख ६४ हजार आणि २ लाख ७६ हजार. किती झाले?

तुरीची_शेंग
८ लाख ४०. अरे देवा. सहा लाखांचे दहा टक्के म्हणजे तेच ६० हजार.

खडूस
गाईडनी दोन्ही अहवाल उघडून बघितले होते का?

तुरीची_शेंग
त्यांनी चौथ्या प्रकरणाला 'निधीतील गैरव्यवहार' असं नावच दिलंय. आता तिथे काय लिहू? दोनच दिवस उरलेत.

विस्तार_निवृत्त
आतापर्यंत तुम्ही जमा बघितली, आता खर्चाकडे या. बंधित पैसा पिण्याचं पाणी आणि स्वच्छता, एवढ्यालाच. आराखड्यात गटार धरलेलं असतं आणि बिल निघतं पेव्हर ब्लॉकचं, असं मी स्वतः तपासणीत पकडलंय. तुमच्याकडे तसं असेल तर प्रकरण उभं राहील. नसेल तर नाव बदला. शिल्लक रकमेवरचं व्याज वेगळं दाखवा, नाहीतर पुन्हा जुळणार नाही.

कोरा_कागद
मग ऑप्शनल कुठला घेऊ?

तुरीची_शेंग
विस्तारकाका, खूप आभार. बिलं उद्याच बघते. पण मी परवा ग्रामसेवकांना चावडीवर चार लोकांत बोलले हो. त्यांची बायको आमच्याकडे दूध घालते, कालपासून आलेली नाही.

विस्तार_निवृत्त
मग उद्या बिलं मागायच्या आधी दूध आणायला तुम्हीच जा.