मदत हवी आहे: नॉर्दर (उत्तरेचा थंड वारा) आल्यावर क्रॅपी (गोड्या पाण्यातला मासा) कुठे शोधायची?

मंडळी, डॅलसजवळ लेक रे रॉबर्ट्सवर कोणी क्रॅपी पकडतं का? मार्चमध्ये दक्षिणेचा वारा सलग राहिला की पाणी तापतं, १६-१८ अंश सेल्सिअसला मासा अंड्यांसाठी काठाकडे येतो आणि मिनोवर (आमिषाचे छोटे मासे) मस्त गळाला लागतो, पण नॉर्दर आला, आभाळ स्वच्छ झालं की सगळं ठप्प! बुडालेल्या झाडांना चिकटून बसतात म्हणे, पण साधारण किती खोल? आणि वाऱ्याने प्लँक्टन (पाण्यातले सूक्ष्म जीव) ज्या काठाला जातं तिथे शॅड (क्रॅपी खाते ते छोटे मासे) जमतात, मागोमाग क्रॅपीही, मग लाटा असल्या तरी तिकडेच गळ टाकायचा की आडोशाची खाडी बरी? बोट नाहीये, काठावरूनच करतो. १/१६ औंसचा जिग (वजनदार डोक्याचा नकली आमिषाचा गळ) वाऱ्यात लांब जातच नाही, जड लावला तर पटकन तळाला. फ्लोट (दोरीवरचा तरंगणारा तुकडा) लावून कोणी करतं का? प्लीज सांगा.