रोटरी टेबलवर सहा भोकं मारली की शेवटी पहिलं जुळत नाही, सेंटर चुकतंय की प्ले (ढिलाई)?

शिरोली_जॉबवर्क

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं जॉबवर्कचं शॉप आहे, एक एमवनटीआर मिलिंग, एक लेथ, एक रेडियल ड्रिल. गेल्या महिन्यात जुन्या मशिनरीवाल्याकडनं २५० मिमीचं रोटरी टेबल (हँडलनं जॉब अंशात मोजून फिरवायचं गोल टेबल) घेतलं, नेमप्लेट उडालेली आहे, पण बॉडी बरी आहे, कुठं तडा नाही. काम आहे बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) फ्लँजचं, ओडी म्हणजे बाहेरचा व्यास २०० मिमी, १६० पीसीडीवर (भोकांच्या सेंटरमधून जाणाऱ्या गोलाचा व्यास) सहा भोकं १० चं रीमिंग, आणि त्यांच्या आतल्या बाजूला तीन वक्र स्लॉट.

प्रॉब्लेम असा की पहिलं भोक मारून ६०-६० अंशानं फिरवत जातो आणि ३६० ला परत आल्यावर पहिलं भोक स्पिंडलखाली बरोबर येतच नाही, डायल लावून बघितलं तर ०.२ मिमीच्या आसपास बाजूला. सेंटर मी नीट काढलंय, स्पिंडलमध्ये पपी डायल (छोटा लिव्हरवाला डायल इंडिकेटर) धरून टेबलच्या बोअरमध्ये फिरवली, ०.०१ च्या आत आहे. तरी शेजारच्या शॉपवाले म्हणतात सेंटरच परत काढ, दुसरे म्हणतात वर्म (हँडलच्या शाफ्टवरचा, टेबलचं चाक फिरवणारा स्क्रूसारखा गिअर) आवळून टाक. आवळायचं तर नक्की काय आवळायचं? हँडलच्या मागं एक मोठी रिंग नट आहे आणि बाजूला एक छोटा लिव्हरसारखा तुकडा आहे स्क्रू लावलेला. आत ग्रीस भरलेलं दिसतंय, काळं झालंय पार. कुणी हाताळलंय का असलं टेबल?

निवृत्त_टूलरूम

अरे आधी काहीही आवळू नकोस. सेंटरचा दोष असता तर ३६० ला परत आल्यावर पहिलं भोक बरोबर जागेवर आलं असतं, हे नीट समजून घे, कारण अर्धी माणसं इथंच फसतात. समज स्पिंडल टेबलच्या सेंटरपासून ०.१ बाजूला आहे, तर काय होईल, पीसीडी थोडा मोठा किंवा लहान होईल, पण सहाही भोकं एकमेकांपासून सारख्याच अंतरावर पडतील. आणि जॉब टेबलवर सेंटरला नसेल तर भोकांचा सगळा गोल ओडीच्या मानानं एका बाजूला सरकेल, तेव्हासुद्धा आपापसातलं अंतर सारखंच. तुझं पहिलं भोकच परत जुळत नाही म्हणजे टेबल तिथं परत पोचतच नाहीये, किंवा मधे कुठंतरी जॉब हललाय.

मोजायचा सोपा मार्ग तुझ्याच जॉबमध्ये आहे. सहा भोकांना शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर हे त्रिज्येएवढंच असतं, म्हणजे तुला ८०.०० यायला पाहिजे. १० च्या दोन डॉवेल पिना घाल आणि बाहेरून बाहेर मायक्रोमीटरनं माप, ९०.०० यायला पाहिजे. सहाही जोड्या मापून कागदावर लिही. सगळ्या सारख्या पण ९०.०० नाहीत तर सेंटर किंवा पीसीडीचा घोळ. एखाददुसरी जोडीच वेगळी तर इंडेक्सिंगचा (टेबल ठराविक अंशानं फिरवण्याचा) घोळ, आणि कुठल्या भोकाला झालाय ते पण कळेल.

आणि हँडलचे फेरे मोज एकदा, ३६० ला किती लागतात. नेमप्लेट नाही म्हणून सांगतोय. बऱ्याच टेबलांना ९० असतात म्हणजे एका फेऱ्याला ४ अंश, काहींना ७२ म्हणजे ५ अंश, ४० वाली पण असतात. जुन्या मालात डायलची रिंग दुसऱ्याच टेबलची बसवलेली सुद्धा निघते.

सातपूरकर

काकांशी सहमत. फक्त एक विचारतो, तुमच्या मशीनला डीआरओ (टेबल किती सरकलं ते आकड्यात दाखवणारा डिस्प्ले) आहे का? असेल तर नुसत्या भोकांसाठी रोटरी टेबल वापरूच नका राव, डीआरओमध्ये पीसीडीचं फंक्शन असतं, १६० आणि ६ टाका, एक्स वाय सरकवा आणि मारा, टेबलच्या प्लेचा संबंधच संपला. रोटरी ठेवा वक्र स्लॉटसाठी, तिथं त्याला पर्याय नाही. आम्ही तर १२ भोकांपर्यंत असंच करतो.

शिरोली_जॉबवर्क

डीआरओ नाही दादा, घ्यायचा विचार चाललाय, पण सध्या हेच.

काका तुम्ही सांगितलं तसं मोजलं. फेरे ९० भरले. पिना घालून चार जोड्या ९०.०० ते ९०.०२ मध्ये आल्या, एक ८९.८१ आणि तिच्या शेजारची ९०.२०. म्हणजे मधलं एकच भोक सरकलंय की. पोराला परत करायला लावलं आणि शेजारी उभा राहून बघितलं, तर हँडल शून्याच्या पुढं गेलं की तो तेवढंच मागं आणतो आणि भोक मारतो. मग आधी पहिलं भोक जुळत नव्हतं ते पण असंच झालं असणार ना? शेवटच्या फेऱ्याला मागं घेतलं असणार.

निवृत्त_टूलरूम

बरोबर, तेच. पुढं गेलं तर तेवढंच मागं आणून चालत नाही, कारण मागं फिरवताना प्ले संपेपर्यंत हँडलच फिरतं, टेबल जागेवरच असतं. अर्धा फेरा तरी मागं जायचं आणि परत त्याच दिशेनं शून्यावर यायचं. सहा भोकांना तुझं काम सोपं आहे, ६० अंश म्हणजे बरोबर १५ फेरे, डायल दर वेळी शून्यावरच यायला हवी. सात भोकं असती तर ९० भागिले ७ म्हणजे १२ फेरे आणि वर इंडेक्स प्लेटच्या २१ भोकांच्या सर्कलवर १८ भोकं, तिथं ती प्लेट आणि भोकं मोजायचा सेक्टर लागलाच असता.

दुसरं म्हणजे दर भोकाला लॉक करायचं. हॅंडलवर प्ले असलं तरी एका दिशेनं येऊन लॉक केलं तर भोक जागेवरच पडतं. पण लॉक करताना एकदा डायल लावून बघ, टेबलच्या कडेला एक छोटा अँगल क्लॅम्प कर, त्यावर पपी डायल टेकव आणि मग लॉक आवळ. जुन्या टेबलात क्लॅम्प आवळताना टेबल थोडं फिरतं किंवा एका बाजूनं उचलतं. काटा हलला तर दोन्ही क्लॅम्प आळीपाळीनं थोडे थोडे आवळायचे, एकच गच्च मग दुसरा असं नाही.

इचलकरंजी_गिअर

आता प्लेचं सांगतो, कारण ०.२ प्ले ठेवून वक्र स्लॉट नीट होणारच नाहीत, भोकांचं लॉक करून भागेल, स्लॉटमध्ये टेबल फिरवत कटिंग करायचं असतं.

प्ले दोन जागी असतो आणि दोन्हीचा इलाज वेगळा. एक म्हणजे वर्म शाफ्टच पुढंमागं सरकतो. टेबल लॉक करा, शाफ्टच्या टोकावर डायल लावा आणि हँडल धरून ओढा-ढकला. जेवढा काटा हलेल तेवढंच वर्म व्हील परिघावर सरकतं असं समजा. तुमची ती हँडलमागची रिंग नट बहुतेक याच्यासाठी आहे, तिच्या मागं थ्रस्ट बेअरिंग किंवा वॉशर असतं. ती थोडी थोडी आवळायची, काटा ०.०१ च्या आसपास यावा पण हँडल जड होऊ नये, मग लॉक स्क्रू लावायचा.

दुसरा प्ले वर्म आणि चाकाच्या दातांमधला. तो बाजूचा लिव्हरसारखा तुकडा म्हणजे एक्सेंट्रिक बुशचा. बुश फिरवलं की वर्म चाकाच्या जवळ जातो किंवा लांब, पूर्ण फिरवलं तर वर्म सुटतोच आणि टेबल हातानं मोकळं फिरतं, सेंटर काढताना ते फार सोयीचं पडतं. पण इथं एक गोष्ट अगदी लक्षात ठेवा. जुन्या टेबलचं चाक सगळीकडं सारखं झिजलेलं नसतं. आयुष्यभर ज्यांनी ९० अंशातलंच काम केलं असेल त्यांनी तेवढाच भाग झिजवलेला असतो. तुम्ही नेमकं तिथं उभं राहून प्ले शून्य केला की दुसऱ्या बाजूला वर्म फसतो आणि चाकाच्या ब्राँझचा चुरा होतो. म्हणून आधी दर ३० अंशाला थांबून, टेबलवर एक बार बांधून हातानं हलवून प्ले मोजा, १२ जागा होतील. सगळ्यात घट्ट जागा सापडली की तिथं उभं राहून बुश सेट करा, थोडंसं मोकळं ठेवून. बाकी ठिकाणी प्ले राहील तो राहू द्या.

शून्य प्लेच्या मागं लागू नका. ८० त्रिज्येवर एक मिनिट म्हणजे साधारण ०.०२३ मिमी, दोन मिनिटं प्ले राहिला तरी ०.०५ च्या आत, आणि एका दिशेनं काम करायची सवय असेल तर तोही कामात उतरत नाही.

शिरोली_जॉबवर्क

दादा भारी माहिती दिलीत. शाफ्ट ०.१० सरकत होता! रिंग नट आवळून ०.०१ वर आणला. बारा जागांचं मोजलं, १५० ते २४० अंशात जास्त झिजलंय. ३० अंशाला घट्ट जागा सापडली, तिथं सेट केलं, आता ८० त्रिज्येवर तिथं ०.०४ आणि झिजलेल्या भागात ०.०८ येतंय. हँडल सगळीकडं सारखं फिरतंय. स्लॉट झिजलेल्या भागात येऊ नयेत म्हणून फ्लँज फिरवून बांधू का?

इचलकरंजी_गिअर

तीन स्लॉट १२० वर आणि प्रत्येकी ३० अंशांपेक्षा लांब असतील तर एक तरी तिथं येणारच, त्याचा विचार सोडा. स्लॉट असा करा. आधी प्रत्येक स्लॉटच्या दोन्ही टोकांची भोकं मारून घ्या, एकाच दिशेनं येऊन, लॉक करून. मग कटर स्लॉटपेक्षा १ ते २ मिमी बारीक घ्या, मधून रफ करा, एक्स आणि वाय दोन्ही लॉक ठेवून, कारण मधल्या कटला कटर आडवा ढकलतो. मग एकेक भिंत फिनिश करा. बाहेरची भिंत करताना वरून बघितल्यावर टेबल घड्याळाच्या उलट फिरवायचं, आतली करताना घड्याळाच्या दिशेनं. स्पिंडल नेहमीसारखं सुलटं फिरत असेल तर अशानं कटर जॉबला मागं ढकलत राहतो आणि वर्म एकाच बाजूला दाबून बसतो. उलटं केलं तर कटर जॉबला स्वतःकडं ओढतो, जेवढा प्ले तेवढी उडी मारतो आणि बारीक एंडमिल तिथंच तुटते. फिनिशिंगला क्लॅम्प अगदी हलका टेकवून ठेवा, फिरताना थोडा भार लागेल इतकाच.

सातपूरकर

आणि एमवनटीआर आहे म्हणजे हेड वाकवता येणारं, त्याचं ट्रॅमिंग (हेड टेबलला काटकोनात आहे का ते) बघितलंय का? हेड तिरकं असेल तर बोअरमध्ये डायल फिरवून सेंटर शून्य दाखवेल, पण निम्मा इंच खाली जाऊन कटिंग करताना ते शून्य तिथं नसतं, शिवाय स्लॉटचा तळ पण एका बाजूला खोल येतो. २०० च्या गोलात डायल फिरवून ०.०२ च्या आत आणा, मगच रोटरी चढवा. चढवायच्या आधी मशीनचं टेबल आणि रोटरीचा तळ दोन्हीवर ऑइलस्टोन फिरवा, एक बारीक बर (धातूची उठलेली कड) राहिली तरी सगळं टेबल डुलतं.

शिरोली_जॉबवर्क

ट्रॅमिंग करून घेतो, ते राहिलंच होतं. आता ग्रीसचं सांगा. उपसून काढू का? आणि कुठलं ऑइल?

निवृत्त_टूलरूम

तुझ्या टेबलला तेलाची बॉल निपल किंवा पातळी बघायची काच असेल तर ते तेलावरचंच टेबल आहे, ग्रीस कुणीतरी नंतर कोंबलंय. ग्रीस कीस (धातूचा चुरा) धरून ठेवतं आणि बीडाचा कीस त्यात मिसळला की लॅपिंग पेस्टच (घासून झिजवणारी पेस्ट) तयार होते, तुझ्या त्या ९० अंशातल्या झिजेचं ते पण कारण असू शकतं. उघडून सगळं डिझेलनं धू, ब्रश मारून, पण चिंधीचे दोरे आत राहू देऊ नकोस. हवा मारायची तर बाहेरून आत मारू नको, कीस सीलच्या पलीकडं जातो. धुतल्यावर चाकाचे दात नीट बघ, एखाद्या दातावर कड आलेली असेल तर बारीक स्टोननं काढ.

तेल ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल चालतं, मशीनला घालतोस तेच. गाडीचं गिअर ऑइल घालू नको, त्यातल्या ईपी ॲडिटिव्हमध्ये गंधक असतं आणि ते ब्राँझला चांगलं नाही. काच असेल तर अर्ध्यापर्यंत भर, निपल असेल तर काम सुरू करायच्या आधी रोज दोन-चार थेंब. कूलंटचं पाणी आत गेलं की तेल दुधाळ होतं, तसं दिसलं की लगेच बदल, वाट बघू नको.

शेवटचं टी-स्लॉटचं. २५० च्या टेबलच्या स्लॉटचे ओठ (वरच्या कडा) पातळ असतात. टी-नटमधून स्टड आरपार खाली उतरला आणि स्लॉटच्या तळाला टेकला, की वरून आवळशील तेवढा तो जॅकसारखा ओठ वर उचलतो, आणि बीड वाकत नाही, सरळ तुकडा पडतो. म्हणून टी-नटच्या खालच्या दोन आट्यांना पंचनं ठोके मारून ठेव, स्टड खाली उतरणारच नाही. आणि जॉबच्या खाली नेहमी एक दहा-बारा मिमीची प्लेट टाक, दोन्ही बाजूनं फेस मारलेली, म्हणजे ड्रिल पार गेलं तर प्लेटला लागेल, टेबलला नाही.

शिरोली_जॉबवर्क

काका तुमचं बरोबर निघालं, निपल होती, पेंटखाली गाडली गेलेली! धुवून ६८ घातलंय. काल सहा भोकं परत मारली, लॉक करून, एका दिशेनं. पिनांवर सगळ्या जोड्या ८९.९९ ते ९०.०२ आणि ३६० ला पहिलं भोक ०.०१ मध्ये. स्लॉट उद्या धरतो, आधी हेडचं ट्रॅमिंग. टी-नटना पंच मारायला पोराला लावलंय.